नळ्या, वजनं आणि एक सूड

मला राग लवकर येतो आणि तो मुक्कामाला राहतो. आमच्या घरात हे बसत नाही. आमचे लोक राजस्थानातून जुन्नरला आले त्याला पाच पिढ्या झाल्या. आता भांडणसुद्धा मराठीतच सुचतं, पण धर्म जैनच राहिला. वर्षातून एकदा संवत्सरी येते. त्या दिवशी उपास करायचा, संध्याकाळी स्थानकात, म्हणजे आमच्या प्रार्थनेच्या जागी, प्रतिक्रमणाला बसून वर्षभरात जे चुकलं त्याची कबुली द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी ओळखीच्या प्रत्येकासमोर हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणायचं. माझ्याकडून जे वाईट झालं ते पुसलं जावो, असा त्याचा अर्थ. मी हे लहानपणापासून म्हणत आलोय. एका माणसाच्या बाबतीत मात्र ते म्हणताना मी दात आवळले होते, आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

पेठेत आमचं कापडाचं दुकान आहे. वडील कापड चिमटीत धरून, डोळे मिटून सांगायचे, हे सुती, हे मिक्स. गिऱ्हाइकाला शंका आली तर बाकीचे दुकानदार ताग्यातून एक धागा ओढून काडीनं जाळून दाखवतात. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. वडिलांनी दुकानात काडेपेटी कधी ठेवली नाही. आपण सांगितलं की ते खरं, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि गिऱ्हाइकांनीही ते मानलं. मीही काडेपेटी ठेवली नाही. या गोष्टीचा मला गर्व होता, आणि तो मी लपवायचो असंही नाही.

दुकानाच्या वर एक खोली आहे. तिथे माझा रेकॉर्ड प्लेअर, जुना अँप्लिफायर आणि दोन उभे स्पीकर. नवीन महागडं काही घ्यायचं नाही, दुकानात आणि माळ्यावर जे पडलंय त्यातूनच आवाज सुधारायचा, हा माझा नाद. आजोबांच्या वेळी दुकान किराणाचं होतं, त्या काळची लोखंडी वजनं माळ्यावर गंजत होती. त्यातलं पाच किलोचं एक अँप्लिफायरच्या झाकणावर ठेवलं, तर झाकणाची बारीक घरघर थांबली. स्पीकरखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले. सगळ्यात मोठा शोध मात्र नळ्यांचा. कापडाचा तागा ज्या पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून येतो, ती तागा संपला की आम्ही फेकून देतो. त्या नळ्यांना भोकं पाडून आत शिंप्याकडच्या चिंध्या ठासून भरल्या आणि खोलीच्या कोपऱ्यांत उभ्या केल्या. त्याआधी ढोलकीची थाप कोपऱ्यात शिरून घुमायची. नंतर ती जिथे पडायची तिथेच संपायची.

कोपऱ्याची ही अक्कल मला लेण्याद्रीला आली. वरच्या गणपतीच्या लेण्यात खांब नाहीत, नुसतं मोठं दगडी दालन. तिथे मधोमध टाळी वाजवा आणि मग कोपऱ्यात जाऊन वाजवा. फरक कोणालाही कळेल. मी तिथे इतक्या टाळ्या वाजवल्या की पुजारी मला आरतीला उभं करू लागला.

या नादात माझा जोडीदार होता तो कळंबचा. बागायती शेती, बोलणं मोकळं, हसणं त्याहून मोकळं. बहिणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला तो दुकानात आला होता. वऱ्हाडी साड्या बघत होते आणि हा, वरून येणारा आवाज ऐकून, चपला काढून जिना चढला. तेव्हापासून वीस वर्षं, दुकान बंद असेल त्या दुपारी तो यायचा आणि आम्ही गाणी ऐकायचो. मी त्याला भाऊ म्हणायचो, तो मला शेठ.

मग त्यानं हायवेला लागून बंगला बांधला आणि माझ्या दुप्पट आकाराचे स्पीकर आणले. हॉलमध्ये गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, वर मोठं छत. पहिल्याच दिवशी फोन आला.

“शेठ, आवाज लई घुमतोय. काय तरी करा.”

मी टेम्पोत घालून आठ नळ्या नेल्या. चारी कोपऱ्यांना तेवढे शोभेचे पडदे होते, त्यांच्यामागे दोन-दोन उभ्या केल्या. त्या दिवशी त्यानं आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधली दहा-बारा मंडळी जमवली होती. सगळे गाण्याचे शौकीन. त्यात आळेफाट्याचा एक गॅरेजवालाही होता. गाणं लावलं, घुमणं थांबलेलं सगळ्यांना ऐकू आलं. चहा झाला, मी हात धुवायला मागच्या मोरीवर गेलो, परत आलो. भाऊ म्हणाला, “शेठ, आता डोळं मिटून ऐका, आन या मंडळींना जरा समजावून सांगा.”

मी डोळे मिटले आणि सांगत सुटलो. थाप कशी कोरडी आहे, गळा कसा मोकळा झालाय, नळ्या कशा काम करतायत. मला बोलायला आवडतं, आणि ऐकणारे गप्प असले की जास्तच आवडतं. डोळे उघडले तेव्हा त्यानं चारही पडदे बाजूला ओढले. कोपरे रिकामे होते. मी मोरीवर असताना त्यांनी नळ्या आतल्या खोलीत नेऊन ठेवल्या होत्या. हॉल हसण्यानं घुमला. कोणीतरी सगळ्याचा व्हिडिओ काढला होता, आणि मी जुन्नरला पोचायच्या आत तो जुन्नरला पोचला.

मी त्यांच्याबरोबर हसलो. ते हसणं मला अजून आठवतं आणि अजून अंगाची आग होते.

चेष्टा नादापुरती राहिली असती तर मी विसरलो असतो, असं मी स्वतःला सांगतो. पण ती दुकानात शिरली. लग्नसराईत जवळच्याच गावातलं एक कुटुंब बस्त्याला आलं. त्यांचा आजोबा माझ्या आजोबांकडे यायचा, इतकं जुनं गिऱ्हाईक. पंधरा-वीस माणसं गादीवर बसलेली, साड्यांचा ढीग. मी नवरदेवाच्या चुलत्यांसाठी शर्टाचं कापड काढलं आणि म्हणालो, शंभर टक्के सुती. नवरदेवाच्या मामानं खिशातून फोन काढून तो व्हिडिओ लावला. सगळ्यांनी पाहिला. मग त्यानं कापड चिमटीत धरलं, माझ्यासारखे डोळे मिटले आणि म्हणाला, “शेठ, ह्ये खरंच सुती हाय का तुमाला नुसतं तसं वाटतंय?”

बायकाही हसल्या. मग एकीनं विचारलं, काडेपेटी हाय का. नव्हती. मी म्हणालो, आमच्याकडे लागत नाही. ते टॉवेल-टोप्या घेऊन उठले आणि बाकीचा बस्ता त्यांनी नारायणगावला बांधला. विक्री बुडाल्याचं दुःख मला नव्हतं. वडिलांनी जन्मभर राखलेला शब्द एका पडद्यामागे गेला होता, आणि तो त्यानं नेला होता ज्याला मी वीस वर्षं जिना चढू दिला.

त्या वर्षीच्या संवत्सरीनंतर त्याचा मेसेज आला. हात जोडलेलं एक चित्र, खाली छापील ओळ, कळत-नकळत मन दुखावलं असल्यास क्षमा. असं चित्र मला त्या दिवशी शंभर जणांनी पाठवलं असेल. कशाबद्दल क्षमा ते कुठे लिहिलं नव्हतं. नकळत म्हणे. मी तेच चित्र त्याला परत पाठवलं आणि ठरवलं की याचं असं हसं करणार की कळंबला तोंड दाखवायची सोय राहू नये.

घाई केली नाही. मी त्याच्याकडे पुन्हा जायला लागलो, हसतमुखानं. त्याला वाटलं शेठचं मन मोठं आहे. नळ्या तो वापरत नव्हता, लाजेनं असेल. मी पहिल्यांदा खऱ्या गोष्टी सांगितल्या, कारण खोटं खपवायला आधी थोडं खरं लागतं, हे कापडाच्या धंद्यात आम्ही इतरांचं बघून शिकतो. अँप्लिफायरवर वजन ठेव म्हणालो. ठेवलं, घरघर गेली. स्वयंपाकघर हॉलला लागूनच होतं आणि फळीवर लग्नात आलेल्या स्टीलच्या भांड्यांच्या रांगा, प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं. ती भांडी गाण्याबरोबर बारीक किणकिणतात, त्यांत चिंध्या भर, असं सांगितलं. हेही खरं होतं. वहिनींनी कुरकुरत भरल्या.

मग मी सुटलो. स्पीकरच्या वायरी जमिनीला लागता कामा नयेत, छतापासून टांग, आणि टांगायला दोरा पांढराच हवा, रंगवलेला दोरा आवाज पितो. दुकानातली पांढऱ्या दोऱ्याची चार रिळं मीच नेऊन दिली. ऐकताना फ्रिज बंद कर. ऐकणाऱ्यानं पूर्वेकडे तोंड करून बसायचं. प्रत्येक वेळी मी गंभीर चेहरा ठेवायचो आणि येताना नारायणगावपर्यंत स्कूटरवर एकटाच हसायचो. सुडात मजा नसते असं प्रवचनात ऐकलं होतं. मला तर भरपूर मजा आली.

शेवटचा घाव अर्थिंगचा. शेतकऱ्याला अर्थिंग समजावून सांगावं लागत नाही. विहिरीवरच्या मोटारीला खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून, उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत राहावं लागतं, हे त्याच्या हाडीमाशी आहे. मी म्हणालो, “भाऊ, मोटारीला अर्थिंग लागतं, मशीनला लागतं, मग ऐकणाऱ्याला नको? दोन घमेल्यांत ओला कोळसा आणि मीठ घ्या, त्यात पाय ठेवून बसा. मांडीवर पाच किलोचं वजन. मग बघा.”

त्यानं मला एकदा निरखून पाहिलं. मला वाटलं, पकडलं. मग म्हणाला, “ह्ये आपल्या ध्यानात कसं आलं न्हाई?”

त्यानं हे एकदा केलं आणि त्याचा व्हिडिओ माझ्या हाती आला की झालं, एवढंच माझं म्हणणं होतं. तो कसा मिळवायचा याचा मी विचार करत होतो, आणि त्यानं तो स्वतःच पाठवला. संवत्सरीच्या दिवशी सकाळी. दुकान बंद, उपास, मी स्थानकाच्या पायरीवर चपला काढत होतो. आत प्रवचन सुरू व्हायचं होतं. फोन थरथरला. आवाज मी घरातूनच बंद करून आलो होतो, आणि स्थानकाच्या दारात व्हिडिओ वाजवणं शोभणारं नव्हतं, म्हणून तसाच पाहिला.

मनात आणलं होतं त्याहून सरस होतं. छतापासून पांढऱ्या दोऱ्यांवर लोंबणाऱ्या वायरी. मागे फळीवर चिंध्या कोंबलेली भांडी. खुर्चीत भाऊ, धोतर गुडघ्यापर्यंत वर, दोन्ही पाय घमेल्यांत, मांडीवर लोखंडी वजन, डोळे मिटलेले. ओठ हलत होते. गाण्याबरोबर गुणगुणतोय, असं मला वाटलं.

माझं गणित तयार होतं. आज पाठवलं तर संध्याकाळच्या प्रतिक्रमणात हेही धुऊन निघेल आणि उद्या जाऊन रीतसर हात जोडता येतील. एक दिवस उशीर झाला तर वर्षभर मनावर ओझं. मी तो व्हिडिओ ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘याला वर्षभर मी थापा मारल्या. सांगितलेली एकही गोष्ट खरी नव्हती, आणि यानं सगळ्या केल्या. आता कोणाचा कान खोटा ते बघा.’ मग आत जाऊन मी सामायिक घेतलं. सामायिक म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं एका जागी, मन शांत, कशालाही हात लावायचा नाही. फोनला तर नाहीच. मी अठ्ठेचाळीस मिनिटं अतिशय शांत मनानं बसलो.

बाहेर येऊन फोन पाहिला. सगळ्यात वर आळेफाट्याचा गॅरेजवाला. ‘शेठ, म्हणजे मला सांगितलेलं पण थापाच का? मी अँप्लिफायरवर वजन ठेवलंय, काढू का?’ त्याच्या खाली आणखी कोणी, ‘कान खरा निघाला पण तोंड खोटं निघालं.’ मला काही कळेना. कान खरा कसा निघाला?

घरी येऊन, दार लावून, मी आवाज चालू केला. भाऊ गुणगुणत नव्हता. डोळे मिटून, सावकाश, तो माझ्याशी बोलत होता.

“शेठ, उद्या तुमचा माफीचा दिवस. मागल्या वर्षी नुसतं चित्र पाठवलं, त्ये बरं न्हाई केलं. आज नीट सांगतो. त्या दिवशी नळ्या काढल्या तवा आवाज परत घुमाया लागला, मला सोताला कळलं. तुमाला तर लगीच कळलं असतं. म्हणून तुमी मोरीवरनं येयाच्या आधी मी बटण फिरवून बेस, त्यो जाड आवाज, निम्मा खाली केला. तुमी थाप कोरडी हाय म्हणला, ती व्हतीच कोरडी. तुमचा कान खोटा नव्हता. खोटं आमी केलं. ह्ये मी समद्या लोकांना सांगणार हाय. आन आज तुमचं समदं ऐकून बसलोय, अर्थिंगसकट.”

दोन वर्षं मला हेच हवं होतं. याच शब्दांत हवं होतं. तो ते बोलला होता, मी ते सगळ्यांना पाठवलंही होतं, आणि त्याच्याखाली स्वतःच्या हातानं लिहिलं होतं की मी सांगतो ते खोटं असतं. कानाच्या गर्वापायी एवढं केलं आणि नेमकं ऐकायचं तेवढंच राहिलं. मी पोस्ट पुसून टाकली. तोवर ती माझ्या मेव्हण्याकडून मलाच परत आली होती.

दुसऱ्या दिवशी पारणं करून मी कळंबला गेलो. तो ओसरीवर बसला होता. मला वाटलं होतं तो शिव्या देईल, आणि त्यासाठी मी दोन-चार उत्तरं तयार ठेवली होती. मी हात जोडले आणि म्हणालो, “मिच्छामि दुक्कडं.”

“कशाबद्दल त्ये सांगा,” तो म्हणाला.

मला सांगावं लागलं. दोरा, फ्रिज, पूर्व दिशा, घमेली, ग्रुप. एकेक. वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. “दूध तीनदा नासलं,” एवढंच त्या म्हणाल्या. आत हॉलमध्ये दोरे कापलेले दिसत होते. भांड्यांतल्या चिंध्या धुऊन दोरीवर वाळत घातल्या होत्या. त्या आमच्याच दुकानातल्या कापडाच्या, मी रंगावरून ओळखल्या.

“बेस खाली केला व्हता, त्ये माझं पाप,” तो म्हणाला. “तुमी घ्यायचा तेवढा सूड घेतला. त्याचं न्हाई काय. पण वर्षभर तुमी जे सांगितलं त्यातलं खरं कंचं, तेवढं सांगा.”

“वजन खरं,” मी म्हणालो. “भांडी खरी. नळ्या तर खऱ्याच. दोरा खोटा. फ्रिज थोडा खरा. अर्थिंग साफ खोटं.”

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तो खरंच विचारत होता.

“आन ह्ये तरी खरं कशावरनं धरू?”

वहिनींनी चहा दिला, तो मी प्यायलो. निघताना त्यानंही हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हटलं, आमच्यासारखंच, नीट उच्चार करून. त्यानंतर तो जिना चढून वर आलेला नाही. बेसचं बटण खाली करणारा त्याचा हात अजून माझ्या डोळ्यांसमोर येतो आणि राग पुन्हा मुक्कामाला येतो, हे मी कबूल करतो. पण आता त्याच्या शेजारी माझा स्वतःचा अंगठा दिसतो, फोनवरची ती ओळ लिहिणारा.

यंदाच्या लग्नसराईत एक बस्ता आला. मी शर्टाचं कापड पुढे केलं, सुती आहे म्हणालो. म्हातारे गृहस्थ होते, सभ्य. त्यांनी व्हिडिओ लावला नाही, चेष्टाही केली नाही. नुसते माझ्याकडे बघत राहिले. मी गल्ल्यात नुकतीच आणून ठेवलेली काडेपेटी काढली, ताग्यातून एक धागा ओढला आणि त्यांच्यासमोर जाळला. राख झाली. त्यांनी ती बोटानं चोळून पाहिली आणि मान हलवली. आता पेटी गल्ल्यात ठेवत नाही, फुटपट्टीशेजारी समोरच असते, कारण रोज लागते.